‘नांदत नाही’ : नाशिक परिसरातील विभक्त स्त्री, तिचे श्रम आणि तिची कागदपत्रे

प्रास्ताविक

विवाहानंतर स्त्रीने सासरी राहणे या एका गोष्टीसाठी मराठीत ‘नांदणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. पुरुष नांदत नाही, तो नांदवतो. स्त्री नांदते किंवा नांदत नाही. न नांदणाऱ्या स्त्रीसाठी मात्र भाषेने जे शब्द ठेवले आहेत ते बहुतेक कर्मणी वळणाचे आहेत : टाकलेली, सोडलेली, माहेरी बसवलेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वजनिक व्यवहारात रूढ झालेला ‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्दही त्याच वळणाचा आहे. मारहाण, उपासमार किंवा अपमान सोसण्याचे नाकारून जी स्त्री स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली, तिच्यासाठी प्रचारात असा शब्द नाही. ती निघून गेली, तरी नोंद ‘टाकली’ अशीच होते.

महाराष्ट्रातील स्त्रीप्रश्नाच्या इतिहासलेखनात विधवा, बालवधू आणि हुंडाबळी यांवर विपुल लेखन झाले आहे. छळाचा संसार सोडून पुढील वीस-तीस वर्षे स्वतःच्या श्रमावर जगलेल्या स्त्रीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. अशा स्त्रीची लिखित खूण प्रामुख्याने पोटगीच्या अर्जात सापडते आणि तो अर्ज तिच्याविषयीच्या दोन गोष्टी हमखास झाकतो : तिने घेतलेला निर्णय आणि तिने केलेले काम. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्हा आणि त्याला लागून असलेला संगमनेर परिसर डोळ्यांपुढे ठेवून, या दोन झाकलेल्या गोष्टी इतरत्र कोठे सापडू शकतात याचा विचार केला आहे.

रखमाबाई आणि लक्ष्मीबाई

या विषयाचा आरंभ बहुधा डॉ. रखमाबाईंपासून केला जातो आणि ते योग्यच आहे. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा दाखल केला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालून मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदावयास जा, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगा, असा निकाल दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये वैद्यकीय पात्रता मिळवून परतल्या आणि सुरत व त्यानंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

काटेकोरपणे पाहता रखमाबाईंनी संसार सोडला नाही, त्यांनी तो सुरूच होऊ दिला नाही. खटल्याच्या कायदेशीर बाजूची चर्चा इतकी झाली आहे की त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांकडे अनेकदा तळटीप म्हणून पाहिले जाते. वस्तुतः प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती चाळीस वर्षेच महत्त्वाची. त्यांना राहण्यास आईचे घर होते, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे पाठबळ होते, खटल्याच्या काळात उभी राहिलेली साहाय्य समिती होती. शिवाय १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाल्यानंतर हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड निर्माण झाली होती. म्हणजे ज्या कामाला मागणी होती नेमके तेच काम त्यांनी शिकून घेतले. दुसरी बाब नावाची. दप्तरात आणि व्यवसायात त्या पतीचे वा पित्याचे नाव न लावता केवळ ‘रखमाबाई’ राहिल्या. एकेरी नावावर पदवी घेणे आणि नोकरी करणे त्यांना साधले. नंतरच्या काळातील फारच थोड्या स्त्रियांना ते साधले असेल, कारण तोवर सरकारी कागदांना तीन शब्दी नावाची सवय लागली होती.

नाशिककडे वळले की चित्र बदलते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे लहान मुलासह त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही धर्मांतर केले. त्यांचे प्रकरण छळाचे नव्हे आणि त्याला तसे रूप देणे अन्यायाचे होईल. तथापि पतीपासून वेगळी राहणारी ब्राह्मण स्त्री त्या काळी या परिसरात कशावर जगे, याचे ‘स्मृतिचित्रे’ इतके तपशीलवार साधन दुसरे नाही. ती नातलगांच्या घरी राही, त्यांच्या स्वयंपाकघरात राबे आणि त्या राबण्याला काम म्हटले जात नसे. मजुरीला जाणे जातीने निषिद्ध आणि नोकरीला लागणारे शिक्षण नाही, अशी ही कोंडी होती.

कष्टकरी जातींतील स्त्रीची कोंडी निराळी होती. कुणबी, माळी आणि इतर अनेक जातींत काडीमोड होत असे, पाट किंवा मोहतूर लागत असे आणि शेतमजुरी तर लग्नाआधीपासून चालू असे. या प्रथांचे गुणगान करण्याचे कारण नाही. पंचायतीत बोलणारे पुरुषच असत आणि फारकतीची भरपाई बहुधा पहिल्या नवऱ्याच्या पदरी पडे. तरीही वाट होती. ती वाट अरुंद करण्यात वसाहतकालीन न्यायव्यवस्थेचा वाटा आहे. पतीच्या संमतीवाचून जातीने दिलेली मोकळीक वैध नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ च्या एका निवाड्यात घेतली. पुढे उच्चवर्णीय रीतींचे अनुकरण वाढत गेले तसतशी अनेक कुटुंबांनी पाटाची रीतही कमीपणाची मानली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार होणारी फारकत शाबूत ठेवली खरी, पण तोवर ज्या घरांत ती रूढी टिकून होती त्यांची संख्या घटली होती.

विधवेसाठी आश्रम, सधवेसाठी काय?

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन १९०९ मध्ये सुरू झाले. या संस्थांनी स्त्रीला अध्यापन, शुश्रूषा आणि शिवण या तीन व्यवसायांची दारे उघडली. पुढील अर्धशतक महाराष्ट्रातील एकट्या मध्यमवर्गीय स्त्रीचा चरितार्थ प्रामुख्याने याच तीन व्यवसायांवर चालला. नाशिकच्या प्राथमिक शाळांतील आणि रुग्णालयांतील जुन्या पिढीच्या शिक्षिका व परिचारिका याच परंपरेच्या वारस होत.

परंतु या संस्थांच्या मध्यवर्ती कल्पनेत विधवा होती. विधवेला आश्रय देण्यात समाजाचा रोष होता, कायद्याचा अडसर नव्हता. जिचा पती जिवंत आहे अशा स्त्रीला ठेवून घेणे हे वेगळे साहस होते. पती नांदण्याचा दावा लावू शकत असे, मुलांचा ताबा मागू शकत असे आणि बायकोला फूस लावल्याची फिर्याद संस्थेवर करू शकत असे. त्यामुळे विधवेचा प्रश्न सुधारकांच्या व्यासपीठावर सन्मानाने आला आणि छळ सोसणाऱ्या सधवेचा प्रश्न मात्र ‘घरगुती बाब’ म्हणून दाराआडच राहिला. हे सुधारकांच्या हेतूविषयी बोलणे नव्हे. त्यांच्या हाती असलेल्या कायद्याची ती मर्यादा होती.

पाचशे रुपये

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ अन्वये पत्नीला दंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागता येई. तिची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती. १९२३ मध्ये ती १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या संहितेत हे कलम १२५ क्रमांकाने आले, पण ५०० रुपयांचा आकडा तसाच राहिला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्यापुरती ही मर्यादा १,५०० केली आणि २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे देशात शेहेचाळीस वर्षे धान्य, कापड, घरभाडे आणि शाळेची फी यांचे भाव बदलत राहिले आणि पोटगीची वरची रेघ मात्र हलली नाही. प्रत्यक्ष मंजूर होणारी रक्कम या रेघेच्याही खाली असू शके आणि ती वसूल करण्यासाठी पुन्हा न्यायालयाच्या तारखा सुरू होत. पोटगीवर कोणी जगले असे समजणे हा गैरसमज आहे. जगणे मजुरीवर होते. पोटगीची रक्कम मिळाली तर ती मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या कामी येई.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी या कलमाच्या आकड्यापेक्षा त्याच्या अटी अधिक बोलक्या आहेत. पुरेशा कारणाशिवाय पतीसोबत राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, ही पहिली अट. पत्नी स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असली पाहिजे, ही दुसरी. या दोन अटींनी अर्जाची भाषा घडवली. ‘मी निघून आले’ असे म्हणणारी स्त्री कायद्यापुढे दुबळी ठरे, कारण ‘पुरेसे कारण’ सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर येई, आणि बंद दाराआडच्या मारहाणीला साक्षीदार कोठून आणणार? त्यापेक्षा ‘मला हाकलून दिले’ हे वाक्य सोपे आणि सुरक्षित होते. त्याचप्रमाणे ‘मी विड्या वळते’, ‘मी कांदे निवडायला जाते’ असे सांगणे म्हणजे स्वतःच्या हाताने पोटगी घटवणे. म्हणून अर्जदार स्त्री नेहमी हाकललेली आणि नेहमी बेकार असते. हे खोटे बोलणे म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. कायद्याने मागितलेला तो साचा होता आणि वकिलाने तो भरून दिला होता. निर्वाहास असमर्थ म्हणजे सर्वस्वी निष्कांचन नव्हे, चार पैसे कमावणारी स्त्रीही पोटगीस पात्र असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने चतुर्भुज विरुद्ध सीताबाई (२००७) आणि नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या प्रकरणांत स्पष्ट केले. तोवर कित्येक दशकांचे दप्तर जुन्या साच्यात तयार झाले होते.

हिंदू विवाह कायद्यातही अशीच गुंतागुंत होती. १९५५ मध्ये क्रूरता हे केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होते. घटस्फोटाचे कारण म्हणून ते १९७६ च्या दुरुस्तीने आले. वीस वर्षे मार खाणारी स्त्री मुख्यतः वेगळे राहण्याची परवानगी मागू शकत होती, मोकळे होण्याची नाही. मालेगावसारख्या गावांतील मुस्लिम स्त्रियांचा प्रश्न आणखी वेगळा. मुस्लिम सत्यशोधक मंडळाने १९८५ मध्ये काढलेल्या तलाक मुक्ती मोर्चाने तो ऐरणीवर आणला. त्याची चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विडी, माती, कांदा

मग ती काम कोणते करत होती? नाशिक परिसरापुरते याचे पहिले उत्तर विडी हे आहे. सिन्नर आणि संगमनेर ही विडी उद्योगाची जुनी केंद्रे. पाने भिजवणे, कात्रीने मापात कापणे, तंबाखू भरून वळणे आणि दोऱ्याने बांधणे हे काम मुली लहान वयात पाहून शिकत. हजारी दराने मजुरी मिळे. कारखान्यात बसून काम करण्याबरोबरच पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळून देण्याची पद्धतही होती. छळाचे घर सोडून माहेरी आलेल्या स्त्रीला याहून सोयीचे काम मिळणे कठीण होते. प्रमाणपत्र लागत नव्हते, भांडवल लागत नव्हते, मूल मांडीजवळ ठेवता येत होते आणि भावजयीला रोज संध्याकाळी मजुरी दाखवता येत होती. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. माहेरी परतलेल्या स्त्रीचे तेथील स्थान पुष्कळदा या मजुरीवरच टिके.

सोय आणि शोषण यांची येथे गाठ पडलेली होती, हेही नोंदवले पाहिजे. मुकादमाने ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. पाने कमी भरली तरी नग पूर्ण द्यावे लागत. तंबाखूच्या धुळीने दमा जडे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने आणि १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने काही सवलती आल्या, पैकी विडी कामगाराचे ओळखपत्र विशेष महत्त्वाचे. पतीच्या घराशी संबंध नसलेल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत, स्वतःच्या श्रमाने मिळालेला आणि स्वतःच्या नावाचा तो पहिलाच सरकारी कागद असणार. आज या धंद्याची पूर्वीची व्याप्ती राहिलेली नाही. त्या काळची हजेरीपत्रके ज्या पेढ्यांकडे आणि कामगार संघटनांकडे शिल्लक असतील, ती स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान आहेत.

येवल्याच्या पैठणीचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे कौशल्य मोठे आणि मिळकतही चांगली, पण माग घरात असतो आणि घर नवऱ्याचे असते. कांड्या भरण्यापासून विणण्यापर्यंतचे काम करणारी स्त्री घराबाहेर पडली की कौशल्य तिच्या हातात राहते, माग मागे राहतो. कमी प्रतीचे मानले गेलेले विडीकाम तिला सोबत नेता येते, उच्च कला नेता येत नाही. कारागिरीच्या इतिहासात ही बाब सहसा लिहिली जात नाही.

दुसरे उत्तर मातीकाम. १९७२ च्या दुष्काळात सिन्नर, येवला, नांदगाव हे तालुके होरपळले. दुष्काळी कामांच्या अनुभवातून आकार घेतलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क या कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला. स्त्री-पुरुषांना समान दर होता. हजेरीपत्रकावर नाव लागण्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नव्हती. प्रत्यक्षात अडचण निराळीच निघाली. मोबदला खोदलेल्या मातीच्या मापावर ठरत असल्याने कामगार जोडीने किंवा टोळीने येत : पुरुष खणे, स्त्री पाट्या वाही. एकट्या स्त्रीला कोणाच्या तरी टोळीत शिरावे लागे आणि मापाचे पैसे टोळीच्या म्होरक्याच्या हाती पडत. तरीही हक्क व्यक्तीचा होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने शंभर दिवसांची हमी व्यक्तीऐवजी कुटुंबाला दिली. भावाच्या घरी राहणाऱ्या स्त्रीचे नाव भावाच्या जॉब कार्डावर गेले की तिचे दिवस त्या घराच्या शंभर दिवसांतून वजा होत. त्या मोठ्या राष्ट्रीय कायद्याच्या कौतुकात हे एक पाऊल मागे पडले, याकडे महाराष्ट्रातही फारसे कोणी पाहिले नाही.

तिसरे उत्तर शेतमालाचे. लासलगाव, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात कांद्याची निवड, तर निफाड-दिंडोरीत द्राक्षबागांतील विरळणी आणि तोडणी या कामांसाठी स्त्रियांच्या टोळ्या लागतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी यात कारखान्यांतील कामाची भर घातली. ही कामे हंगामी किंवा कंत्राटी आहेत. शहरात येणाऱ्या स्त्रीपुढे कामाआधी खोलीचा प्रश्न उभा राहतो आणि खोली देणारा आधी ‘मालक कुठे असतात?’ असे विचारतो. नोकरी मिळाली पण छत मिळाले नाही म्हणून सासरी परतलेल्या स्त्रियांचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

चांदवड आणि संगमनेर

१९८० नंतरच्या दशकात या परिसरात दोन चळवळींनी हा प्रश्न हाती घेतला. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले. ग्रामीण स्त्रियांचा एवढा मोठा मेळावा महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. त्या विचारमंथनातून पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. अनेक गावांनी तिला प्रतिसाद दिला. सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव येणे ही साधी गोष्ट नव्हती आणि या कार्यक्रमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ही जमीन पतीच्या राजीखुशीने, म्हणजे नांदत्या बायकोला मिळणार होती. जिला ती सर्वाधिक हवी होती, ती त्या दिवशी त्या गावातच नव्हती.

तिचा विचार नाशिक-पुणे रस्त्यावरील संगमनेरात झाला. समता आंदोलनाने २० मार्च १९८८ रोजी तेथे परित्यक्ता परिषद घेतली. अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे हे काम चालवले आणि ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या ग्रंथात त्यांनी त्याची मांडणी केली आहे. या चळवळीच्या मागण्या पाहिल्या तर पोटगी आणि दुसऱ्या लग्नावर कारवाई यांच्या जोडीला शिधापत्रिका, घर आणि रोजगार या गोष्टी ठळकपणे दिसतात. शिधापत्रिका हा विद्वत्चर्चेत हलका वाटणारा विषय. पण स्त्रीचे नाव नवऱ्याच्या कार्डावर असे, ते कमी केल्याशिवाय नवे कार्ड नाही आणि कमी करण्यासाठी जुने कार्ड हवे. ते नवऱ्याच्या फडताळात. धान्य तर नाहीच, शिवाय रहिवासाचा पुरावा नाही म्हणून इतर योजनाही नाहीत. सांगली जिल्ह्यातही त्याच सुमारास मुक्ती संघर्ष चळवळीशी जोडलेल्या स्त्रियांनी अशाच मागण्यांसाठी लढा दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील ज्येष्ठ प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली, तेव्हा या लढ्यांना पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

माहेरच्या घराची कथाही तपासण्यासारखी आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ मध्ये वडिलांच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क अविवाहित, विधवा, पतीने सोडलेल्या आणि पतीपासून विभक्त झालेल्या मुलीला दिला होता. ‘सोडलेली’ आणि ‘विभक्त झालेली’ हे दोन वेगळे शब्द तेथे शेजारी शेजारी आहेत. निघून आलेल्या स्त्रीची दखल तिच्या स्वतःच्या क्रियेसह घेणारी ही दुर्मीळ जागा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, तोही इतर अनेक राज्यांच्या आधी, परंतु २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. माहेरी परतलेली स्त्री विवाहितच असते. त्यामुळे त्या दिवशी माहेरी राहत असलेल्या सगळ्या विभक्त स्त्रिया या सुधारणेबाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत हे तसेच चालले. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, म्हणजे २६ ऑक्टोबर २००६ पासून, स्त्रीला सासरच्या घरात राहण्याचाही हक्क दिला आणि तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन त्रास देण्यास मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. ही दुसरी तरतूद कमी चर्चिली जाते, पण कारखान्याच्या फाटकावर किंवा शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या नवऱ्यामुळे नोकरी सुटण्याची भीती ज्यांनी अनुभवली त्यांना तिचे महत्त्व सांगावे लागत नाही.

नाव

जनगणनेत दीर्घकाळ ‘घटस्फोटित’ आणि ‘विभक्त’ एकाच रकान्यात होते. २०११ मध्ये ते वेगळे झाले तेव्हा देशात घटस्फोटितांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार आणि विभक्तांची त्याच्या जवळजवळ तिप्पट आढळली. म्हणजे संसार मोडलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे न्यायालयाच्या हुकूमनाम्याविना जगत आहेत. स्त्रीच्या बाबतीत याचा अर्थ असा की तिच्या नावापुढे त्या पुरुषाचे नाव कायम आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, मतदार यादीत नवऱ्याचे, मुलाच्या दाखल्यावर पुन्हा नवऱ्याचे. नोकरीचा अर्ज भरताना ही तीन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे तिला सिद्ध करावे लागते. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शिक्षण सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या मार्गे पदवीची वाट खुली केली. लग्नामुळे शाळा सुटलेल्या आणि पुढे त्या लग्नातून बाहेर पडलेल्या स्त्रीसाठी ही वाट विशेष उपयोगाची होती. त्या विद्यापीठाच्या आरंभीच्या दशकांतील प्रवेश अर्ज आणि त्यांना जोडलेली प्रतिज्ञापत्रे अभ्यासली गेली, तर न्यायालयीन दप्तरात न दिसणारी स्त्री तेथे दिसण्याचा मोठा संभव आहे. तेथे तिला बेकार असल्याचे सांगावे लागत नव्हते. उलट आपण काय करतो हे लिहावे लागत होते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावणे बंधनकारक केले. त्याच वर्षी सुरू झालेल्या दरमहा १,५०० रुपयांच्या लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा आणि घटस्फोटित यांच्यासोबत ‘परित्यक्ता’ हा शब्द स्वतंत्रपणे आला. १९९९ च्या पोटगीची कमाल मर्यादाही नेमकी तेवढीच होती, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

आणखी एक साधन अभ्यासकांच्या हाताशी आहे आणि ते छापील आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध होतात : जुने नाव, नवे नाव. आडनाव बदलणाऱ्या पुरुषांच्या आणि स्पेलिंग दुरुस्त करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत पतीचे नाव वगळून जन्मनावाकडे परतलेल्या स्त्रियाही तेथे आहेत. टाकले कोणी आणि सोडले कोणी, हे त्या नोंदीत लिहिलेले नसते. मात्र अर्ज तिने केलेला असतो आणि शुल्कही तिनेच भरलेले असते.